कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर : नाट्यरूपक आणि राष्ट्रभावना

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांच्या नाट्यकर्तृत्वाचे सामान्यतः दोन खंड कल्पिले जातात. ‘कीचकवधा’पर्यंतचे खाडिलकर राष्ट्रवादी आणि ‘मानापमाना’नंतरचे खाडिलकर संगीत नाटककार, अशी ही विभागणी आहे. ती सोयीची असली, तरी त्यांच्या चरित्राशी कितपत सुसंगत आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

सांगलीत जन्मलेले खाडिलकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘केसरी’त दाखल झाले आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी बनले. नेपाळमध्ये कौलांच्या कारखान्याच्या आवरणाखाली शस्त्रनिर्मितीचा जो प्रयत्न झाला, त्यातही त्यांचा सहभाग होता. बाह्य रूप एक आणि अंतस्थ हेतू दुसरा, ही रीत पुढे त्यांच्या नाट्यरचनेतही दिसते. ‘कीचकवध’ (१९०७) मध्ये कथा महाभारतातील विराटपर्वाची. परंतु प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत परतंत्र भारत, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष दिसला.

याच काळातील आयरिश रंगभूमी येथे तुलनेसाठी उद्बोधक ठरते. येट्स व लेडी ग्रेगरी यांच्या ‘कॅथलीन नी हूलिहान’ (१९०२) या नाटकात आयर्लंड वृद्ध स्त्रीच्या रूपाने अवतरते आणि विवाहाच्या उंबरठ्यावरील तरुणाला बंडाकडे ओढून नेते. देशाला स्त्रीरूपात पाहण्याची ही कल्पना दोन्हीकडे समान आहे. परिस्थिती मात्र भिन्न होती. इंग्लंडमधील लॉर्ड चेंबरलेनचा नाट्यपरीक्षणाधिकार डब्लिनला लागू नव्हता. हिंदुस्थानात १८७६ च्या कायद्याने प्रयोगबंदीचा अधिकार सरकारच्या हाती होता. १९०७ सालीच सिंगच्या ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’विरुद्ध डब्लिनमध्ये दंगा झाला, तो राष्ट्राभिमानी प्रेक्षकांकडून. ‘कीचकवधा’चा प्रेक्षक लेखकाच्या बाजूचा होता, आक्षेप सरकारचा होता. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. या बंदीने सरकारने रूपकाच्या अन्वयार्थास एक प्रकारे मान्यताच दिली.

त्यानंतरचे ‘मानापमान’ (१९११), ‘विद्याहरण’ (१९१३) व ‘स्वयंवर’ (१९१६) ही नाटके पाहता, खाडिलकर राष्ट्रकार्यापासून दूर गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ‘मानापमाना’तील संघर्ष धन आणि शौर्य यांच्या मूल्यांचा आहे, हे विसरता येत नाही. १९२१ साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला, तोही टिळक स्वराज्य फंडासाठी. टिळकांच्या निधनानंतर खाडिलकर मुंबईत आले. प्रथम ‘लोकमान्य’ दैनिकाचे संपादन करून १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ सुरू केला. गिरगावशी या पत्राचे नाते पुढे अभिन्न झाले. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. रंगभूमीवर जे रूपकाच्या आडून सांगावे लागले, ते वृत्तपत्रात त्यांनी उघडपणे लिहिले आणि त्याची किंमतही मोजली.

संगीताच्या प्राबल्यामुळे त्यांच्या संवादांची पूर्वीची धार काहीशी बोथट झाली, हे मान्य करावे लागेल. परंतु हा बदल निष्ठेतील नसून माध्यमांच्या विभागणीतील आहे. म्हणून नाटककार खाडिलकरांचे मूल्यमापन संपादक खाडिलकरांना वगळून करता येणार नाही.