चित्रकलेत हात सुधारायचा कसा? रावबहादूर धुरंधरांच्या आयुष्यात सापडते उत्तर

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना, मग ती मुंबईची असोत की वाशिम जिल्ह्यातील जऊळक्याची, एक प्रश्न हमखास पडतो. चित्रकला जन्मजात असते की सरावाने येते? चित्रकार म. वि. धुरंधर यांचा प्रवास पाहिला की सरावाची ताकद कळते.

कोण होते धुरंधर?
महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ मध्ये कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे तेव्हाच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करून घेणारे जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथे प्रमुख होते.

तिथे काय शिकवत?
थेट रंग हातात मिळत नसत. आधी नमुन्यांवरून रेखाटन, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास आणि त्यानंतर समोर बसलेल्या माणसाचे चित्रण. काम कंटाळवाणे, पण प्रमाण आणि आकार यातूनच हातात बसतात. धुरंधरांनी हा पाया पक्का केला. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ते जे. जे.मध्ये शिक्षक झाले.

पदकानंतर सराव थांबला का?
नाही. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे, त्यांचे पेहराव, बायकांची नेसण्याची पद्धत ते टिपत राहिले. पोस्टकार्डांवरची चित्रे आणि पुस्तकांतील चित्रे यांत हे निरीक्षण दिसते. माणसांनी भरलेले मोठे प्रसंगचित्र उभे राहते ते अशाच सुट्या अभ्यासचित्रांच्या जोरावर. दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांचे कामही त्यांच्याकडे आले.

मोठे पद कधी मिळाले?
संस्थेची सूत्रे तेव्हा इंग्रजांच्या हाती असत. संचालकपदाची जबाबदारी धुरंधरांकडे आली ती १९३० मध्ये, निवृत्ती तोंडावर असताना. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. तिथल्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहिल्या. कन्या अंबिका याही चित्रकार झाल्या. १९४४ मध्ये धुरंधरांचे निधन झाले.

आज काय करता येईल?
एक वही आणि पेन्सिल पुरे. मोबाइलमधल्या फोटोवरून काढण्याऐवजी जऊळका रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणारी माणसे काढून पाहा. फोटो हलत नाही, माणूस हलतो. त्यामुळे नजर चटकन महत्त्वाची रेषा शोधायला शिकते. घरी येऊन तेच चित्र न पाहता पुन्हा काढा. परीक्षेतल्या स्मरणचित्राची तयारी आपोआप होईल.