दुष्काळाच्या तापाचा जंतू हेरणारे डॉ. कार्टर

१८७६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे पावसाने पाठ फिरवली. शिरूर आणि त्या वेळचा भीमथडी, म्हणजे आजच्या दौंडकडचा मुलूख, होरपळून निघाला. दख्खनमधील हजारो भुकेले जीव मुंबईकडे निघाले. १८७७ मध्ये मुंबईत तापाची साथ पसरली, तेव्हा हा भुकेचाच ताप, असा अनेकांचा समज होता. तो खोडून काढणारे डॉक्टर होते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे झाला. 'ग्रेज अॅनाटॉमी' या ग्रंथातील चित्रे त्यांच्याच हातची. ग्रे यांना विकलेल्या प्रतींवर मानधन मिळत राहिले, कार्टर यांची मात्र एकरकमी १५० पौंडांवर बोळवण झाली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीरशास्त्र शिकविले, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय सुजून त्यांतून दाणेदार पू वाहतो, त्या विकाराचे मूळ बुरशीत असल्याचे त्यांनी दाखविले. १८७४ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. (यातील काही प्रकार जिवाणूंमुळे होतात, हे नंतर उमगले.)

मुंबईतील साथीत त्यांनी रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मळसूत्रासारखे वळलेले, वळवळणारे जंतू त्यात दिसले. बर्लिनचे ओबरमायर यांनी १८७३ मध्ये असेच जंतू जाहीर केले होते. भारतात मात्र ते प्रथमच आढळत होते. चढलेल्या तापात जंतू दिसत, दरदरून घाम फुटून ताप उतरला की नाहीसे होत आणि आठवडाभराने ताप उलटला की पुन्हा हजर होत. हिवताप किंवा विषमज्वर यांहून हा रोग निराळा, हे त्यावरून ठरले. माकडांना रुग्णांचे रक्त टोचून रोगाचा संसर्ग होतो, हेही त्यांनी सिद्ध केले. १८८२ मध्ये या तापावरील त्यांचा ग्रंथ निघाला. औषध मात्र हाती नव्हते. प्रतिजैविके यायला अजून अनेक दशके होती.

हा जंतू एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो कसा, हे कोडे कार्टर यांना सुटले नाही. १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०७ मध्ये, नाशिककडील साथीचा अभ्यास करताना डॉ. मॅकी यांना उत्तर सापडले : अंगावरील कपड्यांतली ऊ. दाटीवाटीने राहणाऱ्या आणि बदलायला दुसरे वस्त्र नसलेल्या दुष्काळग्रस्तांतच ही साथ का फोफावली, ते तेव्हा कळले.