खाशाबा जाधव : पदकामागची बिनपगारी माणसं

१५ जानेवारी आला की शाळाशाळांत खाशाबा जाधवांच्या फोटोला हार पडतो. त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळायचं सरकारनं ठरवलं, हे चांगलंच झालं. भाषणांत हेलसिंकी येतं, कांस्यपदक येतं, बैलगाड्यांची मिरवणूक येते. पण खाशाबांच्या आयुष्यातली एक बाजू गावोगावच्या तालमींनी, कबड्डी मंडळांनी आणि यात्रा कमिट्यांनी जरा थांबून बघावी अशी आहे. हा गडी जेव्हा जेव्हा पुढं गेला, तेव्हा कुणी ना कुणी पगार न घेता त्याच्यासाठी धावलं होतं. आणि एकदा, ऐन मोक्याला, असं धावणारं कुणीच जवळ नव्हतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ चा. गाव गोळेश्वर, कराडच्या शेजारचं. पाच भावांत सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळं पोरगं चालायला लागलं तसं आखाड्यात उतरलं. पुढं कराडच्या टिळक हायस्कूलात शिक्षण, आणि बाबूराव बलावडे, बेलापुरी गुरुजी अशा जाणत्यांचं मार्गदर्शन. अंगानं लहानखुरे, पण चपळाई अशी की समोरचा पैलवान डाव ओळखेपर्यंत पाठीवर गेलेला असायचा.

तालीम म्हणजे काय असते हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. वस्तादाला महिन्याचा पगार नसतो. माती खणायची, त्यात तेल, ताक, हळद घालायची, पाणी भरायचं, झाडून काढायचं, हे सगळं पोरंच आळीपाळीनं करतात. नव्या पोराच्या हातात आधी खोरं येतं, डाव मागनं. आज मंडळांना कामाला माणसं मिळत नाहीत अशी ओरड आहे. तालमीनं कधी माणसं शोधली नाहीत, खेळायला आलेल्या पोरालाच पहिल्या दिवसापासून कामाला जुंपलं. खाशाबा याच रीतीत वाढले.

१९४२ ची चळवळ पेटली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्हा तर तेव्हा धुमसत होता. भूमिगतांना आसरा द्यायचा, इंग्रजांविरुद्धची पत्रकं पोचवायची, अशी कामं या पोरानं केली. त्याला कसला बिल्ला नव्हता की टोपी नव्हती. सापडला असता तर तुरुंग होता.

मग राजाराम कॉलेजसाठी कोल्हापूर. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला त्यांची निवड झाली आणि जाण्यायेण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेला पैलवान तिथं मॅटवर उतरला. नियम वेगळे, पाय रोवायची जागा वेगळी. तरी फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, सहावा नंबर आला. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं तिथं त्यांना तयार केलं होतं. सहाव्या नंबरावर समाधान मानून बसणारे खाशाबा नव्हते. परत आले आणि चार वर्षं घाम गाळला.

१९५२ ला हेलसिंकी आलं. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला, एका गुणानं डावललं, अशी त्यांची तक्रार होती. ते पतियाळाच्या महाराजांकडं गेले, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी ती मारली असं सांगतात. जागा मिळाली. आता प्रश्न पैशाचा.

या वेळी सगळा खर्च उचलणारं कुणी नव्हतं. सरकारकडून पुरेल एवढी मदत आली नाही. मग गोळेश्वरनं आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. १९५२ चा काळ डोळ्यासमोर आणा. शेतकऱ्याच्या घरात रोख रुपया सणासुदीला दिसायचा. फिनलंड कुठं आहे हे किती जणांना माहीत असणार? तरीही लोकांनी दिलं. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. पोरगा त्यांच्या डोळ्यासमोर वाढलेला होता आणि पैसा कशाला लागतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्गणी कशाची हे न सांगता नुसतं पावतीबुक पुढं करणाऱ्यांना लोक आज दार का लावून घेतात, याचं उत्तरही इथंच मिळतं.

वर्गणीनं सगळं भागलं नाही. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सर पुढं आले. त्यांनी आपलं राहतं घर मराठा बँकेकडं गहाण टाकलं आणि ७ हजार रुपये उभे केले. त्या काळातले ७ हजार! प्राचार्याचं काम कॉलेज चालवायचं, पैलवानासाठी घर पणाला लावायचं नाही. पोरगा हरून आला असता तर लोकांनी सरांनाच वेड्यात काढलं असतं.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, एकेका देशाचा पैलवान मागं पडत गेला. शेवटच्या फेरीत जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद ममादबेयोव उरले.

आणि इथं ती गोष्ट घडली. एक लांबलेली, अंग पिळून काढणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या कुस्तीला उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, तसा नियम होता, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. पण तो नियम पंचांपुढं ठेवायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबांना त्या भाषेत वाद घालता येत नव्हता. थकलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मॅटच्या कडेला नियमाचं पुस्तक घेऊन एक माणूस उभा असता, तर निदान तो अर्धा तास मागता तरी आला असता.

आपल्या मैदानांवरही याहून वेगळं चित्र नसतं. उद्घाटनाला स्टेजवर बसायला जागा पुरत नाही. वजनकाट्यावर, नोंदणीच्या टेबलावर, जखमी पोराला दवाखान्यात न्यायला मात्र माणूस हाका मारून बोलवावा लागतो. पाहुण्यांना फेटे बांधायला चार पोरं असतात. बाहेरगावचा संघ एसटीनं रात्री उतरतो, त्यांना जेवण कुठं आणि झोपायचं कुठं हे सांगायला कुणी नसतं. स्वयंसेवक कमी पडतात असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा त्यांना नेमून दिलेलं कामच नसतं. तू फक्त काट्यापाशी थांब, सकाळी सात ते दहा, असं एखाद्या पोराला सांगितलं तर तो थांबतो. सगळ्यांनी मिळून सगळं बघा असं सांगितलं की दुपारपर्यंत निम्मे पांगलेले असतात.

खाशाबा गावी परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कराडपासून गोळेश्वरपर्यंत ढोल-ताशे आणि गुलाल. ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांचंच ते पदक होतं, त्यामुळं मिरवणूक कुणी आयोजित केली हे विचारायची गरजच पडली नसणार.

गुलाल धुतल्यावर खाशाबांनी जे केलं, ते मला पदकाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं गहाण घर सोडवून दिलं. ऑलिम्पिक पदक घेऊन आलेल्या माणसानं आधी उसनवारी फेडली. सरांनी तगादा लावला होता असं कुठं ऐकिवात नाही.

मंडळं मोडतात ती नेमकी या जागी. एखादा पोरगा स्पर्धेसाठी पदरचं पेट्रोल जाळतो, चहाचं बिल देतो, मंडपवाल्याला स्वतःच्या नावावर उधार ठेवतो. स्पर्धा पार पडते, व्हॉट्सअॅपवर पदाधिकाऱ्यांचे फोटो फिरतात, आणि त्याचे दोन-तीन हजार तसेच राहतात. मागायला लाज वाटते म्हणून तो गप्प बसतो. पुढच्या वर्षी फोन लावला तर उचलत नाही. मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना गावाची आस्था नाही. स्पर्धा झाल्यावर आठ दिवसांत चावडीवर हिशेब वाचला, ज्याचे त्याचे पैसे दिले आणि राबलेल्यांची नावं माइकवर घेतली, तर यातली निम्मी पोरं टिकतील. खर्डेकर सरांसारखी घर गहाण टाकणारी माणसं गावात रोज जन्मत नाहीत, पण शंभर रुपयांची पदरमोड करणारी असतात. त्यांनाच आपण गमावतो.

पुढचं आयुष्य खाशाबांना सोपं गेलं नाही. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू होती, पण गुडघ्याची दुखापत आडवी आली. पोलिसांच्या स्पर्धांत त्यांनी बक्षिसं मिळवली, क्रीडा प्रशिक्षक म्हणून पोरं घडवली. बढतीची वाट मात्र वर्षानुवर्षं बघावी लागली. सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, आणि नंतरचे दिवस पैशाच्या ओढाताणीचे होते. १९८२ ला दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा ज्योतीच्या दौडीत त्यांना मान मिळाला, एवढंच काय ते समाधान. १४ ऑगस्ट १९८४ ला मोटारसायकलच्या अपघातात ते गेले.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. ते लिअँडर पेसनं टेनिसमध्ये आणलं, मध्ये ४४ वर्षं गेली होती. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरकरांनी मात्र त्यांची कदर करायला एवढी वर्षं लावली नव्हती. १९५२ लाच त्यांनी आपले बैल जुंपले होते.