रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतील कोणा पालकांस रविवारी सुटी असते, कोणांस गुरुवारी. त्या दिवशी वडील घरी दिसले तर आपणांस नवल वाटत नाही. परंतु मजुरांस हा दिवस सहजासहजी लाभलेला नाही. तो ज्यांनी मागून घेतला, त्या नारायणराव लोखंडे यांचे मूळ गाव आपल्या शेजारच्याच खेड तालुक्यातील कन्हेरसर होय.

त्यांचा जन्म इ. स. १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. पुढे ते मुंबईस मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले आणि मजुरांचे हाल त्यांस रोज दिसू लागले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम. आठवड्याची सुटी नाही. पगाराचा दिवस अनिश्चित. इ. स. १८८१ चा कायदा झाला, तो केवळ मुलांपुरता. त्यानेही सात वर्षांच्या बालकास नऊ तास राबविण्याची मोकळीक ठेविली होती! आमच्या दुसरीतील मुलांकडे पाहून या आकड्याचा विचार करावा.

नारायणराव जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे अनुयायी होते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांस त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला होता. गुरूंची दृष्टी अशी दूरवर पोहोचलेली. शिष्याने ती गिरणीच्या दाराशी आणली. १८८० साली बांधलेली नोकरी सोडून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालविण्यास घेतले. पोटापाण्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच होता.

१८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या व सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेविला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागील पगार, जखमी मजुरास बरे होईपर्यंत वेतन, एवढेच मागणे. त्याच वर्षी अमेरिकेतील कामगारसंघांनी आठ तासांच्या दिवसाचा ठराव केला, आणि १८८६ साली शिकागो येथे त्या चळवळीत रक्त सांडले. मुंबईत मात्र अर्ज, सभा आणि पुन्हा अर्ज, याच मार्गाने सहा वर्षे गेली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. दोन कामकरी स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. त्या काळी ही केवढी धिटाई! १० जून रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली, व पुढील वर्षी ती कायद्यातही आली.

पुढे मुंबईत प्लेगची साथ आली. अनेकांनी शहर सोडले. नारायणराव रोग्यांच्या शुश्रूषेसाठी तेथेच राहिले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.