संगीतशिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

संगीताला समाजात प्रतिष्ठा मिळवून देणारे गायक म्हणून पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे स्मरण केले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु गाणे शिकू इच्छिणाऱ्या निर्धन मुलाने शिकत असताना जेवावे कोठे, या रोकड्या प्रश्नाशीही त्यांनी आयुष्यभर झुंज दिली, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट खुंटली. मिरज संस्थानच्या आश्रयामुळे त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षे तालीम घेता आली. निर्वाहाची ही तजवीज झाली नसती तर त्या मुलाचा गळा कुरुंदवाडबाहेर कोणाला ठाऊकही झाला नसता. तथापि, राजाश्रयात पोटाची सोय होते, मान मिळतोच असे नाही, हेही त्यांनी तेथेच पाहिले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले. दरबाराऐवजी तिकीट काढून येणाऱ्या सामान्य श्रोत्यांपुढे ते गाऊ लागले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते चालणार होते ते लोकांच्या देणग्यांवर, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि स्वतः पंडितजींच्या मैफलींच्या मिळकतीवर.

या विद्यालयातील उपदेशक वर्ग ही अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगी योजना होती. या वर्गातील मुलांना शिक्षण, भोजन व निवास विनामूल्य मिळे. त्याबदल्यात त्यांनी दीर्घकाळ विद्यालयात राहून शिकण्याचे आणि पुढे संगीताचा प्रसार करण्याचे बंधन स्वीकारावयाचे असे. हे अन्नछत्र नव्हते. भावी शिक्षक घडविण्यासाठी केलेली ती गुंतवणूक होती.

याच सुमारास स्थानिक शिष्यवृत्तीचे मोलही दिसून आले. १९०७ साली मिरजेचा विनायक पटवर्धन हा मुलगा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर लाहोरला गेला. भडोचच्या ओंकारनाथ ठाकुरांचा शिक्षणखर्च एका पारशी दात्याने उचलला आणि ते मुंबईच्या विद्यालयात दाखल झाले. दोन्ही ठिकाणी आपल्या गावातील मुलाची योग्यता गावातल्याच माणसाने ओळखली होती.

१९०८ साली कार्य मुंबईस आले. तेथे पंडितजींनी कर्ज काढून मोठी इमारत उभारली. मैफलींच्या उत्पन्नातून ते फेडण्याचा त्यांचा मानस होता. पण एका माणसाच्या गळ्यावर संस्थेचा सारा ताळेबंद उभा राहिला, तर तो गळा थकताच संस्थाही डळमळते. कर्ज फिटेना, आणि अखेर इमारत लिलावात गेली. पुढे नाशिकच्या आश्रमात त्यांचा बराचसा काळ रामनामात गेला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, पण मुलांवर केलेला खर्च बुडाला नाही. त्याच वर्षअखेरीस शिष्यांनी अहमदाबादेत गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथांनी पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. मिरजेने एका मुलावर केलेला खर्च असा शेकडो मुलांपर्यंत पोहोचला.

आजच्या महाविद्यालयांनी या चरित्रातून दोन बोध घ्यावेत. पहिला असा की, संगीताची शिष्यवृत्ती केवळ शुल्कापुरती असून भागत नाही. गळा तयार व्हावयास वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे मुलाच्या जेवणाखाण्याचीही सोय व्हावी लागते. दुसरा बोध पंडितजींच्या अपयशातून मिळतो. अशी योजना एखाद्याच्या औदार्यावर किंवा कर्जावर सोडू नये. माजी विद्यार्थी, स्थानिक पतसंस्था आणि नगरपालिका यांच्या साहाय्याने कायम निधी उभारावा आणि केवळ त्याच्या व्याजातून परिसरातील एक-दोन मुलांना पदवीपर्यंत पोसावे. त्या मुलांनी शिक्षणानंतर काही काळ परिसरातील शाळांत गाणे शिकवावे, एवढीच अट पुरे.

सभागृहाच्या कोनशिलेवर नाव कोरणारे दाते सहज मिळतात. एका मुलाच्या दहा वर्षांच्या जेवणाचा भार उचलणारे मात्र शोधावे लागतात.