मर्यादा, अन्याय आणि लोखंडी नांगर

परिस्थितीशी जुळवून घ्यावे, काळाबरोबर बदलावे, हा उपदेश शाळेतील सुविचाराच्या फळ्यापासून कचेरीतील निरोपसमारंभापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. परंतु कोणता बदल निमूटपणे स्वीकारावा आणि कोणता नाकारावा, याची फोड मात्र सहसा कोणी करीत नाही. त्यामुळे हट्टाला तत्त्वनिष्ठा समजणारे आणि लाचारीला व्यवहारज्ञान म्हणणारे, असे दोन्ही वर्ग समाजात सुखेनैव नांदत असतात. ही फोड कशी करावी, हे पाहायचे असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र जरूर वाचावे. किर्लोस्करवाडीचे संस्थापक आणि यंत्रोद्योगाचे एक अग्रणी म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत. पण घरातून बाहेर पडताना त्यांना यापैकी काहीच व्हावयाचे नव्हते. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासापेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रे न्याहाळण्यात त्यांचे मन अधिक रमे. वडीलबंधू रामुअण्णांनी पाठीशी उभे राहून त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. तेथे पुढे असे आढळून आले, की त्यांच्या दृष्टीत रंगांधतेचा दोष आहे; काही रंगच्छटा त्यांना ओळखता येत नाहीत. ज्याला चित्रकार व्हायचे आहे, त्याच्यावर याहून निष्ठुर आघात तो कोणता?

लक्ष्मणरावांनी या दोषाशी भांडण मांडले नाही आणि नशिबाला दोष देत ते घरीही परतले नाहीत. रंग हाती लागत नसले, तरी रेषा हातात होती. यंत्रांच्या रेखाटनाला रंगांची गरज नव्हती. तेथे हवी होती अचूक नजर आणि स्थिर हात. त्यांनी ती विद्या आत्मसात केली आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. शिकवीत असताना फावल्या वेळात तेथील कर्मशाळेतील यंत्रे हाताळून ती चालतात कशी, याचे ज्ञानही त्यांनी मिळविले. निसर्गाने एक दार बंद केले, तेव्हा त्याच भिंतीतले दुसरे दार त्यांनी शोधले.

दुसरा प्रसंग मात्र वेगळा होता. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला देण्यात आली. त्या काळात ही गोष्ट नवलाची नव्हती. सरकारमान्य संस्थेतील कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला हाती पडणारा पगार आणि समाजात मिळणारा मान यांकडे पाहून असे अपमान गिळणारे पुष्कळ होते. जुळवून घेण्याचा सल्ला येथेही देता आला असता. परंतु डोळ्यांतील दोष निसर्गाचा होता, हा दोष माणसांचा होता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. तेथे रामुअण्णांच्या साहाय्याने सायकलींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा लहानसा व्यवसाय सुरू झालेलाच होता. काल वर्गात शिकविणारा मनुष्य आज दुकानात बसू लागला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली आणि त्यानंतर लोखंडी नांगर आला. येथे बदलाची दुसरी बाजू त्यांच्यासमोर उभी राहिली. आतापर्यंत स्वतः बदलावयाचे होते. आता इतरांना बदलावयास सांगायचे होते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. शेतकरी अडाणी आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु ज्याचे वर्षाचे अन्न एका पेरणीवर अवलंबून आहे, तो नव्या अवजाराकडे संशयाने पाहणारच, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. फाळाचे टोक परदेशी नांगराच्या तोडीचे नाही, असे आढळताच ते सुधारण्यात आले. शेतकऱ्याने बदलावे अशी अपेक्षा धरण्यापूर्वी त्यांनी नांगर बदलला.

नांगराला मागणी येऊ लागली, तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. त्यांच्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर जागेत १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. निवडुंग आणि साप यांचे माहेरघर असलेला तो उजाड माळ होता. रामुअण्णा, शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी जिद्दीची माणसे भोवती जमली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला गेला नाही आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविण्यात आली. माणूसही बदलू शकतो, हा विश्वास त्यामागे होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लोखंड दुर्मीळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा कारखान्याला दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. पुढे १९२६ साली पाण्याचे पंप तयार होऊ लागले. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून आले, तेव्हा नव्या पिढीच्या नव्या कल्पनांना लक्ष्मणरावांनी वाट करून दिली. स्वतः उभारलेल्या कामाची सूत्रे वेळीच सोडणे, हा अनेक कर्तबगार पुरुषांना न साधलेला बदल होय.

१९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीलाही आगीची झळ बसली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिलेला पाहूनच २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

या आयुष्यात व्यवसाय बदलले, गाव बदलले, माल बदलला. बदलली नाही ती हाताची कारागिरी आणि स्वाभिमान. आज कचेऱ्यांतून संगणकाने खातेवह्यांची जागा घेतली आहे, शिक्षकासमोर दर काही वर्षांनी नवा अभ्यासक्रम येतो आणि विद्यार्थ्याला एकाच विद्येवर जन्म काढता येईल, अशी खात्री उरलेली नाही. नव्या यंत्रापुढे नाक मुरडणे व्यर्थ आहे. ते शिकलेच पाहिजे. पण नवेपणाच्या नावाखाली हक्क डावलले जात असतील, तर तेथे जुळवून घेणे हा गुण ठरत नाही. आणि जे वरच्या खुर्चीवरून इतरांना बदलावयास सांगतात, त्यांनी अगोदर आपला फाळ पुरेसा कठीण आहे की नाही, हे तपासून पाहावे.