नगरपालिकेतले जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात १८७६ ते १८८२ ही वर्षे बहुधा एका वाक्यात आटोपतात. या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, एवढेच ते वाक्य. लगेच पुढे हंटर आयोग येतो, 'शेतकऱ्याचा असूड' येतो, आणि वाचणारा पुढे निघून जातो. मी मात्र त्या वाक्यापाशी बरेच दिवस अडून बसलो. याला कारण आमचे गाव.

निर्मळ आणि आसपासच्या पट्ट्यात पूर्वी ग्रामपंचायती होत्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा चार नगरपालिकांबरोबर ५३ गावेही तिच्या हद्दीत आली. पश्चिम पट्ट्यात याला मोठा विरोध झाला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि नंतर २९ गावे वगळायची की ठेवायची हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण आजही आमच्याकडे पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तितक्या सहजपणे माणसे पालिका, घरपट्टी, टँकर आणि विहिरी यांच्यावर बोलतात. कार्तिकात निर्मळची यात्रा भरते. समाधीमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळी आणि मिठाईच्या दुकानांपुढे उभी राहिलेली मंडळीसुद्धा थोड्या वेळाने याच विषयावर येतात. पुन्हा २०२० च्या मध्यापासून पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे मला कळू लागले त्या वयापासून नगरसेवक हा प्राणी मी फक्त फलकावरच पाहिलेला. तेव्हा सभागृहात बसलेला सदस्य नेमके काय करतो, हे मला जोतीरावांच्या चरित्रातच शोधावे लागले.

त्यांची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले पुरवता पुरवता फुले हेच आडनाव पडले. जोतीराव १८२७ साली जन्मले. आई चिमणाबाई लवकर गेली, सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. वडील गोविंदरावांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढून शेतात घातले. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी समजूत घातली, म्हणून जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. शेजारी असावेत तर असे! ज्यांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना या दोन नावांची किंमत चटकन कळेल. माझ्या बाबतीत ते काम गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी केले.

१८४८ साली मुलींची शाळा निघाली, १८४९ साली सावित्रीबाईंसह घर सोडावे लागले, १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले, १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे सारे आपण शाळेपासून पाठ करतो. जे कमी सांगितले जाते ते म्हणजे या काळात जोतीरावांचे पोट कशावर चालले होते. ते व्यापारी होते. सोन्याचांदीचे काम करणाऱ्यांना लागणाऱ्या मुशींची विक्री त्यांनी केली. सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. चुना, वीट, दगड, मजुरांची हजेरी यांचा त्यांना रोजचा अनुभव होता. मजुराच्या हातात पडायची रक्कम वाटेतच कशी झिजते, हे त्यांनी जवळून पाहिले आणि आपल्या लिखाणात मांडले. हिशेबाची वही वाचता येणारा समाजसुधारक आपल्याकडे दुर्मिळच. नगरपालिकेत असा माणूस जाऊन बसला, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

तेव्हाचे पुणे म्हणजे लाखाच्या आसपास वस्तीचे शहर. आजच्या वसई-विरारपुढे ते फारच लहान. पाण्यासाठी पेशवाईतले कात्रजच्या नळाचे हौद होते, खडकवासल्याचे धरण त्याच दशकात पुरे होत आले होते. कोणत्या हौदाला कोणी शिवायचे हे जातीवरून ठरत होते. गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीरावांनी १८६८ सालीच अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे नगरपालिकेत जाण्याच्या आठ वर्षे आधी त्यांनी पाण्याचा प्रश्न स्वतःच्या अंगणापुरता सोडवलेला होता.

नगरपालिकेचे सभासद त्या वेळी लोकांनी निवडलेले नसत. सरकार नेमणूक करी. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा, निवडणुकीचे वारे त्यानंतरचे. जोतीरावही १८७६ साली नेमले गेले. नेमलेल्या सभासदाने काय करावे अशी अपेक्षा असते, हे वेगळे सांगायला नको. वरच्यांनी ठराव मांडावा, खालच्यांनी मान डोलवावी. त्यातून जोतीराव सरकारी कामांचे कंत्राटदार. साहेबाची मर्जी गेली तर नुकसान केवळ मानाचे नव्हते, पोटाचेही होते.

नेमणूक झाली आणि लगेच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाच्या वतीने जोतीरावांनी मदतीची हाक दिली आणि धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. भाकरी थापणाऱ्यांत सावित्रीबाई होत्या. या कामाचा आणि नगरपालिकेतल्या त्यांच्या वागण्याचा संबंध आहे, असे मला वाटते. ज्याने तीन वर्षांपूर्वी उपाशी मुलांच्या पंगती पाहिल्या, त्याच्यापुढे १८८० च्या अखेरीस एक ठराव आला. व्हाइसरॉय पुण्याला येणार होते, आणि त्यांच्या स्वागतासाठी अध्यक्षांना १००० रुपये खर्चाची मंजुरी हवी होती.

सभासद ३२ होते. विरोध केला एकट्या जोतीरावांनी. हा पैसा पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला, पैसे खर्च झाले, व्हाइसरॉय येऊन गेले.

ही गोष्ट भाषणांत नेहमी सांगतात, पण ती इंग्रजविरोधी बाण्याची गोष्ट म्हणून सांगतात. माझे मत जरा निराळे आहे. जोतीराव इंग्रजांचे शत्रू नव्हते. शिक्षणकार्याबद्दल १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला होता, आणि इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शाळेचे दार दिसले असे ते उघड लिहीत. तेव्हा येणाऱ्या पाहुण्याबद्दल त्यांच्या मनात राग असण्याचे कारण नव्हते. त्यांना दिसत होता तो पैसा. त्या काळच्या नगरपालिकांचे उत्पन्न मुख्यतः जकातीचे. म्हणजे गावाच्या वेशीतून आत येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर बसणारा कर. तो शेवटी चुकवणार कोण? जो विकत घेऊन खातो तो. भाकरीवरच्या कराने कमानी आणि पताका उभारायच्या, हा हिशेब त्या वहीत बसत नव्हता. एकतीस जणांना तो बसलेला दिसला, हे त्याहून आश्चर्याचे. त्यात शहरातले शिकलेले, प्रतिष्ठित लोक होते.

त्याच वर्षी त्यांनी दारूच्या दुकानांचा प्रश्नही नगरपालिकेपुढे लेखी मांडला. गावात गुत्ते वाढत होते, परवान्याचा पैसा सरकारला मिळत होता, आणि घरे बुडत होती पेठांतली. येथेही त्यांची नजर एकाच ठिकाणी आहे: उत्पन्न कोणाचे आणि नुकसान कोणाचे.

तिसरे प्रकरण मंडईचे, आणि ते मला सर्वांत अवघड वाटते. पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरत असे. माळणी, कुणबिणी पाट्या घेऊन येत, बसत, विकून जात. नगरपालिकेतल्या मंडळींनी भव्य बंदिस्त मंडई बांधायचे ठरवले. खर्च लाखांच्या घरातला. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. हा पैसा शाळांना द्यावा, आणि पाटीवाल्या बायांवर गाळ्याच्या भाड्याचा बोजा टाकू नये, अशी त्यांची बाजू होती.

येथे मी जोतीरावांच्या बाजूने मत दिले असते की नाही, याचा विचार करतो. आमची छोटी वाडी आहे. मोगरा आणि थोडी भाजी होते. फुलांचे गाठोडे घेऊन बाबा पहाटेच्या लोकलने दादरला जातात. आई भाजी घेऊन रस्त्याकडेला बसते. त्या बाजाराचे नाव लिहीत नाही. तिथे रोज पावती फाडणारा येतो, पावसाळ्यात प्लॅस्टिक बांधायला बांबू मिळत नाही, आणि वर्षातून दोनदा टोपली उचलून पळावे लागते. अशा बाईला डोक्यावर पक्के छप्पर मिळणार असेल तर त्याला विरोध का करावा? मला वाटते छप्पर हवेच. पण मी आईला मंडईचा हा वाद समजावून सांगितला, तेव्हा सगळे ऐकून तिने एकच गोष्ट विचारली, गाळ्याचे भाडे किती होते ती. मग जोतीरावांना काय दिसले होते ते माझ्या ध्यानात आले. इमारतीचा नकाशा सर्वांनी पाहिला असेल, भाड्याचा आकडा त्या दोघांनी पाहिला.

मंडई झालीच. १८८६ साली शुक्रवार पेठेत ती उभी राहिली आणि गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले.

मात्र त्याआधी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे ही त्यातली मागणी प्रसिद्धच आहे. पण निवेदनाखालची सही पाहावी. तेथे त्यांनी स्वतःला समाजसुधारक म्हटलेले नाही, ग्रंथकारही म्हटलेले नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, राहणार पेठ जुना गंज, अशी आपली ओळख दिली आहे. आणि आत एक मुद्दा असा आहे की मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकांनी सोसावा, पण शाळांचा कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षणखात्याची देखरेख असावी. हे वाचून मला हसू आले. सहा वर्षे आत बसून आलेल्या माणसाचे हे मत आहे! आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला विकेंद्रीकरणाचे फायदे लिहून देतात. त्याच्या खाली ही ओळ लिहायला हरकत नसावी.

त्यानंतरचे आयुष्य भराभर सरकते. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. १८८८ च्या मार्चमध्ये चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी दिली, तिला जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या पोशाखात गेले. मे महिन्यात मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला. कंत्राटदारीत एके काळी पैसा पाहिलेला हा माणूस शेवटी औषधपाण्यालाही ओढगस्तीत होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

१८८७ च्या मृत्युपत्रात त्यांनी आपला देह मिठात घालून पुरावा असे लिहून ठेवले होते. घरामागे खड्डाही तयार होता. परंतु वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. मग दहन झाले. सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या, आणि त्या खड्ड्यात नंतर अस्थी ठेवल्या गेल्या.

नगरपालिकेशी त्यांचे नाते तेथेही संपले नाही. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुण्यात जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना नगरपालिकेत आणली. त्यावर शहरात मोठे वादळ उठले आणि सूचना बारगळली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेल्यावर त्यांनी रे मार्केटचे नाव बदलून घेतले. ज्या इमारतीला जोतीरावांचा विरोध होता तिलाच आता महात्मा फुले मंडई म्हणतात. मनोऱ्याखाली आत गाळे आहेत, आणि बाहेर रस्त्यावर पाट्या घेऊन बसलेल्या बायाही आहेत.